किरकोळ गळती

इंद्रजितचा फोन सकाळी सकाळी वाजला की कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असायचं. सांगलीच्या एका दैनिकात तो वार्ताहर होता तेव्हाही तसंच, आणि दैनिकानं कचेरी आवरल्यावर विश्रामबागेत 'जनसंपर्क सल्लागार' अशी पाटी लावून बसला तेव्हाही तेच. फरक एवढाच, की पूर्वी बिघडलेलं तो चव्हाट्यावर आणायचा, आता झाकायचा. झाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, कारण पत्रकार कुठला प्रश्न विचारणार हे त्याला आधीच ठाऊक. कारखाने, दवाखाने, पतसंस्था, सगळे त्याच्या दारात. वाईट माणूस नव्हता हो तो. पण धारदार शब्द बोथट करायची सवय एकदा हाताला लागली की सुटत नाही.

त्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या पूर्व अंगाच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन, उदयसिंह, स्वतः येऊन समोर बसले. तोंड उतरलेलं. डिस्टिलरीच्या मळीच्या टाकीची भिंत पहाटे फुटली होती आणि सगळी काळी, आंबूस मळी ओढ्यात उतरली होती.

"गावांना सांगितलंत?"

"काय सांगायचं, तेच तर विचारायला आलोय."

इंद्रजितनं कागद ओढला. 'फुटली' हा शब्द खोडून 'किरकोळ गळती' लिहिलं. खाली लिहिलं, 'काळजीचं कारण नाही, तपास सुरू आहे.' उदयसिंहांनी हुश्श केलं.

तेवढ्यात फोन वाजला. तात्याबाचा.

तात्याबा आणि हरणाबाई हे मेंढपाळ जोडपं त्याच ओढ्याकाठी राहायचं. दुष्काळात त्यांच्या वस्तीवरचा टँकर नुसता कागदावर यायचा. इंद्रजितनं ते छापलं आणि आठवड्यात खरा टँकर दारात उभा राहिला. तेव्हापासून दर दिवाळीला तात्याबाचा फोन यायचा. तो याला 'पत्रकार' म्हणायचा, आणि पत्रकारी सुटल्याचं इंद्रजितनं त्याला कधी सांगितलंच नाही. ते 'पत्रकार' कानाला गोड लागायचं.

"पत्रकार, वढ्याला काळं पाणी आलंय. मेंढरं सोडायच्या आदी आमी सवता पिऊन बगतो, तसं ओंजळभर घेतलं. आंबूस लागतंय. मेंढरं तर उन्हानं कासावीस झाल्यात. कारखान्याचं काय तुमच्या कानावर हाय का? सोडू का नको?"

समोर उदयसिंह बसलेले. नजर इंद्रजितच्या तोंडावर.

'नको' म्हणायचं होतं. एवढंच! आपण 'नको' म्हणालो तर दुपारपर्यंत सगळ्या माणदेशात बोभाटा होणार, आणि हा माणूसच काय, दुसरा कुठला चेअरमनही दारात यायचा नाही. तेवढ्यात हाताची सवय जिभेवर आली.

"किरकोळ गळती आहे, तात्याबा. काळजीचं कारण नाही."

"बास! तुमी म्हणताय म्हंजे खरं. सोडतो मग."

फोन बंद झाला. उदयसिंहांनी चहा मागवला. इंद्रजितनं आपला कप तसाच बाजूला सारला. पुन्हा फोन लावून 'थांबा' म्हणावं, असं त्याला उदयसिंह जिना उतरेपर्यंत वाटत होतं. मग लावला तर कुणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा त्यानं तो पहिल्याच घंटेला उचलला.

"पत्रकार," तात्याबाचा आवाज खोल गेला होता, "निम्मा कळप आडवा झालाय. उरल्याली बी पाय घासत्यात. हरणाबाईला रातभर उलट्या. मी म्हटलं पाणी चांगलं हाय, म्हणून तिनं बी घागर भरली. मिरजंच्या दवाखान्यात घिऊन चाललोय, डोळं उघडंना गड्या."

"तात्याबा, मी... ते मीच..."

"आवं, तुमचा काय दोष? तुमाला बी कुणीतरी फशिवलं. माझं एक काम करा. ज्यानं तुमाला खोटं सांगितलं, त्याचं नाव छापा. लय मोठ्या अक्षरात. सोडायचं न्हाई त्याला. छापाल न्हवं?"

इंद्रजितला हुंदका आवरेना. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते एवढंच,

"तपास सुरू आहे, तात्याबा."