एका तालातले दिवे

सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे चिंतामण बोडस घरी आले, की शर्टही न बदलता मागच्या खोलीत तारांच्या गुंत्यात बसत. अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं शोधनिबंधाची झेरॉक्स पाठवली आणि त्यांची झोपच उडाली. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढं चुंबक. त्यातून वीज सोडली की त्याची दिशा गरगर फिरत राहील.

"अशी हजारो शेजारी ठेवली ना उमा, तर एकमेकांचं ऐकत एका तालात येतील. मेंदूतल्या पेशींसारखी. मग यंत्रसुद्धा चेहरे ओळखेल."

"आधी तुम्ही ओळखा. परवा बाजारात माझ्या सख्ख्या बहिणीला 'आपण कोण' म्हणालात."

तसलं चुंबक सांगलीत कुठलं बनायला. म्हणून कुपवाडहून सुटे भाग आणून त्यांनी एका फळीवर लाल दिवे जोडले. प्रत्येक दिवा आपल्या चालीनं लुकलुके. एक बटण फिरवलं, की ते एकमेकांचं जास्त ऐकू लागत.

तारा सोलून द्यायला लेक श्रद्धा असे. तिला लहानपणापासून फिट यायची. मिरजेच्या डॉक्टरांनी आलेख दाखवून समजावलं होतं, "पेशी आपापल्या चालीनं चालतात तोवर ठीक. सगळ्या एकदम लागल्या, की फिट." आता बरेच महिने आली नव्हती. हे वर्ष सुखरूप गेलं तर गोळ्या हळूहळू थांबवू, मग गाडी चालव, असं ते म्हणाले होते. कुपवाडच्या बालवाडीत नोकरी ठरत होती. दारातली लूना श्रद्धा रोज पुसून ठेवायची.

त्या दुपारी चिंतामणराव म्हणाले, "पडदे ओढ गं. उजेडात नीट दिसत नाही."

"बाबा, हा कोपऱ्यातला कुणाचंच ऐकत नाही."

"आईवर गेलाय."

ती हसली. त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. दोन दिवे जुळले, मग पाच, मग अख्खी फळी भराभर पेटू-विझू लागली. खोली लाल, काळी, लाल, काळी.

"लागले सगळे. बघितलंस?"

पाठीमागून टकटक आली. पोरगी टेबलावर ताल धरतेय, असं त्यांना वाटलं. वळून पाहिलं, तर ती खाली पडलेली आणि टाच फरशीवर आपटत होती.

उमाताईंनी येऊन प्लग उपटला, लेकीला कुशीवर वळवलं. भांडी टाकून रंगूबाई धावली. "आवं ताई, चप्पल हुंगवा तिला, लगीच उतरंल."

"नको गं. नुसता पडदा सार."

चिंतामणरावांचा हात अजून बटणावरच होता.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. "लुकलुकत्या दिव्यांपासून लांब ठेवा," एवढंच म्हणाले. त्यांचं पेशींचं ते आधीचं वाक्य चिंतामणरावांनी वर्गात कितीदा तरी ऐकवलं होतं, मुलांना आवडायचं म्हणून. बालवाडीनं दुसरी बाई घेतली. लूना उमाताईंचा भाऊ रहिमतपूरला घेऊन गेला.

श्रद्धा आता बहुतेक वेळ पडूनच असे. गोळ्यांनी जीभ जड झालेली. एकदा तिनं विचारलं, "बाबा, त्या दिवशी सगळे लागले होते ना हो? मला शेवटचं आठवतच नाही."

"नाही गं. तो कोपऱ्यातला एकटाच राहिला."

"मग मी बरी झाले की पुन्हा करू."

"करू," ते म्हणाले आणि पायानं खाटेखालचं पोतं आत सारलं. आतल्या सुट्या दिव्यांची किणकिण झाली, तसे ते मोठ्यानं खोकले.