न गळणारा घुमट

टाकीवाल्यांनी उभ्या हयातीत पत्र्याच्या पाण्याच्या टाक्या केल्या आणि त्यातली एकही गळली नाही. कुणी विचारो न विचारो, हे ते स्वतःच सांगत. काम सोडल्यावर त्यांना सूर्याचा नाद लागला. रोज सकाळी दहाला परसात दुर्बीण लावायची, पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब पाडायचं आणि त्यावरचे डाग पेन्सिलीनं वहीत उतरवायचे. ढग असले तर ‘ढग’ असं लिहायचं. डाग वाढून पुन्हा ओसरायला साधारण अकरा वर्षं लागतात, म्हणून अकरा वर्षं पुरी करायची होती. वहीत एकही दिवस कोरा नव्हता. मुलीच्या लग्नातसुद्धा ते दहा मिनिटं गायब झाले होते.

काकू सूर्याला ‘माझी सवत’ म्हणत.

दोन महिने उरले असताना टाकीवाले उन्हात चक्कर येऊन धाडकन पडले. काकूंनी फर्मान काढलं, “सावली करा, नाहीतर सूर्य सोडा!” टाकीवाल्यांनी घुमट करायला घेतला. तोवर रोज दहाला काकू त्यांच्या डोक्यावर छत्री धरत आणि तोंडानं उद्धार करत.

दुर्बीण सिमेंटच्या खांबावर पक्की केली, भोवती भिंत घातली, वर घुमट चढवला. पत्र्याच्या पाकळ्या रिव्हेट मारून जोडल्या, पाणी झिरपू नये म्हणून सांध्यांत लांबी भरली. वर पाणी सोडून बघायचं तेवढं बाकी होतं. पावणेदहाला टाकीवाले ऐटीत आत शिरले, दुर्बीण वर वळवली, आणि समोर पत्रा.

सूर्य बघायला घुमटाला फट लागते. ती ठेवायची राहून गेली होती.

“अगं, फट राहिली!”

“अकरा वर्षं वर बघताय आणि वरचंच विसरलात?” काकू दारातून म्हणाल्या. “धन्य आहे तुमची!”

पत्रा कापायला अख्खा दिवस गेला असता. दहाला चार मिनिटं होती. टाकीवाले स्टुलावर बसले आणि रडायला लागले.

शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून काकूंनी आत येऊन दार लावून घेतलं. अंधार झाला, तेव्हा जमिनीवर बटणाएवढा उजेड दिसला. वर एका भोकात रिव्हेट मारायचं राहिलं होतं. टाकीवाल्यांची पहिली टाकी गळली होती.

ते ताडकन उठले. वही फळीवर ठेवून त्यांनी उजेडात धरली, तिरकी केली. लांबट ठिपका छान गोल झाला.

“सूर्यच आहे गं! बारीक भोकातून त्याचं बिंबच पडतं. माझे दोन्ही हात अडकलेत. तू काढ.”

काकूंनी जीभ दातांत धरून सवतीभोवती पेन्सिल फिरवली. “आणि डाग?”

“एवढ्याशा बिंबात नाही दिसायचे.”

खाली शेऱ्याचा रकाना होता. त्यात काय लिहायचं हे काकूंनी विचारलं नाही. आपल्या मनानंच लिहिलं: ‘आकाश स्वच्छ. घुमट बंद. डाग दिसले नाहीत. यांना रडू आलं होतं, आता बरे आहेत.’