अंबादासची टाळी

माणूस जातो, पण त्याचा आवाज मागे राहतो. अंबादासच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात हे वाक्य तीन वक्त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आणि तिन्ही वेळा मांडवातल्या माना हलल्या. माझीही हलली असेल. वास्तविक अंबादासचा आवाज मागे राहावा असा नव्हता. तो बारीक होता, थोडा नाकातून यायचा, आणि ज्या गायन पार्टीत त्यानं तरुणपण घालवलं तिथंही त्याला कुणी गायला सांगत नसे. तो मागच्या ओळीत बसून टाळी द्यायचा. पण शोकसभेत असं बोलता येत नाही.

तो गेल्याची बातमी आली तेव्हा मी कॉलनीच्या फाटकापाशी त्याचीच वाट पाहत उभा होतो. आदल्या संध्याकाळी त्यानं सांगून ठेवलं होतं, "मास्तर, उद्या शफीककडं जाऊ. गाडीच्या डाव्या दाराचा आवाज दबकतोय." गाडीऐवजी कमलवहिनींचा फोन आला. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, आणि... "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्यांनी मला नमस्कार केला, मीही केला.

अंबादास वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीच्या खात्यात होता. यंत्रातून निघालेला सुटा भाग हातात घ्यायचा, उजेडाकडं फिरवायचा, ओरखडा दिसला की बाजूला टाकायचा, हे त्याचं आयुष्यभराचं काम. पाळी संपली की पार्टी. भीमजयंतीचा हंगाम आमच्याकडं एप्रिलमध्ये सुरू होतो आणि पेरणीपर्यंत संपत नाही, कारण प्रत्येक गावाला कार्यक्रम हवा असतो आणि बरा गायक एकच असतो. पार्टी जीपमधून गावोगाव हिंडायची. पुढं शाहीर, बाजूला पेटी आणि ढोलकी, मागं गुडघे मोडून बसलेला कोरस. कव्वालीच्या धर्तीवरचं गाणं असलं की कोरसला दोनच कामं, ओळ उचलायची आणि टाळी द्यायची. गावचा निवेदक शाहिरांचं नाव बिरुदांसकट घ्यायचा, मग पेटीवाल्याचं, मग ढोलकीवाल्याचं, आणि दम घेऊन म्हणायचा, "आणि कोरस." हे सांगताना अंबादास स्वतःच हसायचा. तेव्हा त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

वाटलं ते फार पुढं, निवृत्तीनंतर. शाहिरांचा शहरात मोठा नागरी सत्कार झाला. त्यांचं नाव मी लिहीत नाही, ते हयात आहेत आणि पुरवण्या बारकाईनं वाचतात. सत्कार रीतसर होता. फुलांची कमान होती, मानपत्र होतं, आणि ते वाचायला इतका वेळ लागला की सत्कारमूर्तींचा डोळा लागला. मग जुन्या साथीदारांना मंचावर बोलावण्यात आलं. अंबादास इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याशेजारी खुर्चीच्या कडेवर बसला होता, नाव आलं की उठायला सोपं जावं म्हणून. नावं संपली, फोटो निघाला, तो तसाच कडेवर. कार्यक्रमानंतर तो स्वतःच पुढं गेला, वाकला, "जय भीम शाहीर" म्हणाला. शाहिरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं विचारलं, "आपण कोणत्या गावचे?"

परतताना आम्ही रिक्षा केली. क्रांती चौक ओलांडल्यावर तो म्हणाला, "मास्तर, मी होतो ना रे त्यांच्यात?"

"होतास की."

"तू कुठं बघितलंस?"

ते खरं होतं. आमची ओळख कॉलनीतली. पार्टीतला अंबादास मी फक्त अंबादासकडून ऐकला होता. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला, "कॅशेटमधी असंन मी."

ती कॅसेट म्हणजे कन्नडकडच्या एका गावातला जयंतीचा कार्यक्रम, माइकवाल्यानं हौसेनं भरून घेतलेला. पैठण गेटजवळच्या एका दुकानातून अंबादासनं तो पेन ड्राइव्हवर उतरवून आणला. मोबाइलवर लावला तर टाळ्या म्हणजे कढईत भजी सोडल्यासारखा नुसता चुरचुराट. मग गाडीत लावला. गाडी लहान, जुनी घेतलेली, आणि तिच्यातले स्पीकर कंपनीनं बसवून दिलेले. कंपनीचे स्पीकर हा मला तोवर विचार करण्याचा विषय वाटला नव्हता. गाडीत बोलणारं काहीतरी आहे, इतकंच त्यांचं काम. त्यांच्यातून शाहीर ऐकू येत, ढोलकी ऐकू येई, आणि सगळ्या टाळ्या मिळून कुणीतरी ओला टॉवेल झटकल्यासारखा एकच आवाज निघे. अंबादासनं कान दाराला लावून ऐकलं, मग दुसऱ्या दाराला. "हे स्पीकर बदलावं लागतील," तो म्हणाला.

शफीकचं दुकान जालना रोडच्या आतल्या गल्लीत आहे. माणूस मूळचा सिल्लोडचा, बोलायला मोकळा. "चाचा, बेस कितना होना?" त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं.

"बेस नको."

शफीकनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "बेस नक्को? चाचा, पूरा शहर बेस मांगता. काच हलली नाही तर पोरं पैसे देत नाहीत. तुम्हाला ऐकायचं काय आहे?"

"टाळी."

"कुणाची?"

"माझी."

शफीकनं माझ्याकडं पाहिलं. मी समोरच्या चहाच्या टपरीकडं पाहिलं.

पुढचे काही महिने मी त्या दुकानात उत्सुकतेपोटी बसत गेलो. गाडीचं दार आतून मी तोवर पाहिलेलं नव्हतं. प्लास्टिकचं आवरण उतरवलं की मागं नुसता पत्रा, एक तारांचा झुबका आणि बशीएवढा कागदी स्पीकर. इतक्या वर्षांत आपण ज्याला भक्कम दार समजून आपटत आलो ते बव्हंशी हवा असतं. नवे स्पीकर बसले तेव्हा हवाच वाजायला लागली, म्हणजे शाहिरांनी तान घेतली की दार त्यांच्याबरोबर कण्हायचं. मग पत्र्याला आतून काळे, डांबरासारखे जड कागद चिकटवले. मग बारीक आवाजासाठी बटणाएवढे दोन छोटे स्पीकर काचेजवळच्या कोपऱ्यात बसले, आणि त्यांचं तोंड कुठं असावं यावर अंबादास आणि शफीकचं भांडण झालं. शफीकच्या मते गाणाऱ्याचा आवाज ड्रायव्हरच्या नाकासमोर यायला पाहिजे. अंबादासचं म्हणणं, "गाणारा नको रे बाबा, त्याच्या मागचं दाखव." शेवटी सीटखाली अॅम्प्लिफायर आला. कमलवहिनींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "लोक गाडीत बसून कुठंतरी जातात. हे अंगणात बसून कन्नडला जातात."

एका सकाळी आम्ही खुलताबादच्या रस्त्याला लागलो. काचा बंद, एसी बंद, कारण एसीचा आवाज टाळीवर बसतो. घामानं मी चिंब. गाणं तिसऱ्या अंतऱ्यात आलं आणि अंबादासनं गाडी बाजूला घेतली.

"ऐकलीस?"

"काय?"

"परत ऐक."

त्यानं मागं नेलं. आणि या वेळी मला खरंच ऐकू आली. अंतरा संपता संपता शाहीर शेवटचा शब्द लांबवतात, सगळा कोरस टाळीसाठी थांबलेला, आणि त्या सगळ्यांच्या किंचित आधी एक टाळी पडते. एकटी. मग बाकीच्या.

"ती माझी," अंबादास म्हणाला.

"चुकलेली?"

"चुकलेली नाय. आगाव." त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता. "तिथं आलं की मला दम निघायचा नाय मास्तर. शाहीर डोळे वटारायचे. कारखान्यात काय करायचो मी? ज्या नगाला ओरखडा, त्याच्यावरून मशीन कोणती ते कळतं. चांगले नग सगळे सारखेच."

मला हा तर्क तेव्हा बिनतोड वाटला. नंतर टाळी कुणाची ते न सांगता तो ज्याला त्याला गाडीत बसवायचा. पाहुणे, दूधवाला, लग्नाला सोबत आलेली दूरची मावशी. "आली का ऐकू?" लोक व्हय म्हणायचे, त्याशिवाय तो दार उघडायचा नाही.

मग एके दिवशी त्यानं शाहिरांनाच गाडीत बसवलं. आम्ही त्यांच्या घरी गेलो, आता ते काठी घेऊन चालतात. पुढच्या सीटवर त्यांना सांभाळून बसवलं, मी मागं. गाणं सुरू झालं आणि शाहिरांनी डोळे मिटले. "काय आवाज होता माझा," ते एकदा म्हणाले, थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले. अंबादास स्टिअरिंगला धरून बसला होता. तिसरा अंतरा आला. ती आगाव टाळी पडली... आणि शाहिरांनी खाडकन डोळे उघडले, मान वळवली आणि अंबादासकडं असे वटारले की मी मागच्या मागं आखडलो. क्षणभरच. मग ते पुन्हा स्वतःच्या आवाजात बुडाले. निघताना त्यांनी त्याला अत्यंत प्रेमानं विचारलं, "तुम्ही चालवता का ही गाडी? भाड्यानं?"

अंबादासला त्याचं काही वाटलं नाही. वाटेत तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. "बघितलंस? डोळे वटारले!" तो परत परत म्हणाला. "नाव इसरले. टाळी नाय इसरले." त्यानंतर त्यानं सत्काराचा विषय कधीच काढला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाषणं संपली, जेवणं झाली, मांडव रिकामा झाला. फुलंब्रीहून आलेले सांडूभाऊ तेवढे मागं राहिले. कोरसमधले हे एकच जण आले होते. एसटीतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, कानाला मफलर. वहिनींनाच त्यांना ते गाणं ऐकवायचं होतं. आम्ही तिघं अंगणात गाडीत बसलो, वहिनी मागं. गाणं तिसऱ्या अंतऱ्याला आलं, ती टाळी पडली, आणि सांडूभाऊंनी मांडीवर थाप मारली.

"ही माझी! लई बोलणी खाल्ली या टाळीपायी. शाहिरानी एकदा मला बिडकीनला जीपमधून उतरवलं होतं."

मी आरशात पाहिलं. वहिनी पदर नीट करत होत्या. त्यांनी विचारलं, "मग हे कुठं होते?"

"अंबादास? माझ्या उजव्या अंगाला. मांडीला मांडी."

"त्यांची टाळी?"

"आहे की याच्यात. पण त्याची बरोबर पडायची, वहिनी. एकदा चुकला नाय गडी. बरोबर पडलेली टाळी निराळी कशी ऐकू यील?"

वहिनी पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, परत लावा." मी लावलं. या वेळी आम्ही आगाव टाळीकडं लक्ष दिलं नाही, तिच्यानंतर जी एकत्र पडते ती ऐकत राहिलो. ती भरदार होती, एकसारखी होती, आणि तिच्यात कोण कोण आहे हे त्या स्पीकरमधूनही कळायला मार्ग नव्हता. वहिनींनी पुन्हा लावायला सांगितलं. शाहिरांनी तिसरा अंतरा उचलला, शेवटचा शब्द लांबवायला घेतला... आणि गाणं बंद पडलं. अॅम्प्लिफायर बॅटरीवर चालतो, आणि अंबादास गेल्यापासून ती गाडी कुणी सुरूच केली नव्हती.