एक कपाट, एक खटका

धाराशिवच्या एका बियाणे संस्थेत बुद्धघोष सोळा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता. ज्वारीचं कुठलं पोतं उगवण चाचणीत पास झालं आणि कुठलं नापास, ते सगळं त्याच्या तीन जुन्या मशीनींत. दर शनिवारी त्या नोंदींची एक प्रत डिस्कवर घेऊन तो डब्याच्या पिशवीतून घरी न्यायचा. लोक हसायचे, पण गडी भारी हट्टी, कुणाला दाद द्यायचा नाही.

उन्हाळ्यात पुण्याहून रणधीर नावाचा विक्रेता आला. त्याच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर ठळक छापलेलं : 'एक कपाट, एक खटका, एक फोन!' सर्व्हर, साठवण, नेटवर्क, सगळं एकाच कपाटात. नोंदींची प्रतसुद्धा आतच. अध्यक्ष आण्णासाहेब ऐकूनच हरखले.

"आण्णासाहेब, प्रत बी त्याच कपाटात, मग कपाटच बिघडलं तर?" बुद्धघोषनं विचारलं.

"सर, डब्याच्या पिशवीतून डेटा न्यायचा जमाना गेला," रणधीर म्हणाला. अख्खी बैठक खदखदून हसली. आण्णासाहेबही हसले, आणि तेच बुद्धघोषला लागलं.

जुन्या मशीनी भंगारात गेल्या. बुद्धघोषनं डिस्क टेबलाच्या खणात टाकली ती टाकलीच. सांभाळा म्हणावं आता तुमचं तुम्ही! आपलं चुकतंय हे त्याला दर शनिवारी कळायचं, पण राग काही खाली उतरेना.

खंडेनवमीला संस्थेत सगळ्या अवजारांना विश्रांती असते. दरवर्षी बुद्धघोष आधी तिन्ही मशीनी क्रमानं बंद करून द्यायचा, मग पूजा व्हायची. यंदा त्याला कुणी बोलावलंच नाही. खटका तर एकच, त्यात बोलवायचं काय? आण्णासाहेबांनी कपाटाला झेंडूचा हार घातला, हात जोडले आणि चालू कामातच खटका खाली ओढला.

दसऱ्यानंतर कपाटाचे दिवे लागले, नोंदी मात्र उघडेनात. 'एक फोन' दोन दिवस लावला. दरवेळी नवा आवाज, आणि शेवटी उत्तर आलं की नोंदी गेल्या, आतली प्रतही गेली. गोदामात चारशे पोती, सगळी एकसारखी. पुन्हा चाचणी लावायची तर दहा दिवस जाणार, आणि पेरणीजोगी ओल, वाफसा, तोवर थांबत नाही. फाटकाशी शेतकऱ्यांची रांग लागली होती.

आण्णासाहेब मात्र निवांत होते. खुर्ची ओढून ते बुद्धघोषजवळ बसले.

"म्या सांगितलंय लोकांना, घाबरू नका. आमी हसलो तवा, ते चुकलंच आमचं. पण तू कुठं कुणाचं ऐकतोस? डिस्क असंलच तुझ्या घरी. जा, घिऊन ये."

सोळा वर्षांत बुद्धघोषवर एवढा विश्वास कुणी बोलून दाखवला नव्हता. त्यानं खण उघडून धुळीनं भरलेली डिस्क टेबलावर ठेवली.

"यंदाचं त्यात काईच न्हाय, आण्णासाहेब," तो म्हणाला. "यंदा म्या तुमचं ऐकलं."