तार, लेझर की वाफ

‘आधी सांगून टाकायचं,’ असं म्हणून ते चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि समोरच्याने जे काही झाकून ठेवलेलं असेल ते सगळ्यांसमोर मांडून मोकळे व्हायचे.

डोंबिवलीला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये ते राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दिवसा एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात लॅबची नोकरी आणि संध्याकाळी लग्नं जमवायची, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. निवृत्तीनंतर फक्त नोकरी सुटली. एक पैसा घेत नसत. पहिल्या पंगतीतली जागा मात्र हक्काची.

माझंही लग्न त्यांनीच जमवलं. शहाडला मुलगी बघायला गेलेलो. नवा शर्ट, नवे बूट, चेहऱ्यावर उसना गंभीरपणा. काकांनी चष्मा पुसला आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, ‘मुलगा चांगला आहे. बारावीला दोनदा बसला, बसमध्ये उलटी होते आणि थोड्या बढाया मारतो. आधी सांगितलेलं बरं.’ वडील माझ्याकडे बघतच राहिले. मुलगी हसली. ती अजून हसते, पण आता तिची यादी बरीच वाढली आहे.

तर अशा माणसाला प्रोस्टेटने गाठलं.

काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब बंगळूरला. त्यामुळे घरात हे कोणाच्या लक्षात येणार? पण मंगल कार्यालयात पोचल्यावर वरमाईच्या आधी बाथरूमची चौकशी करणारा माणूस लपत नाही. अक्षता पडायच्या वेळी तर ते हमखास गायब असायचे. अखेर डोंबिवलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून बजावलं, ‘लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. मूत्राशय थकलंय. असंच चालू ठेवलंत तर किडन्यांवर येईल. ऑपरेशन लागणार, आणि फार लांबवू नका.’

दुसरा कोणी घाबरला असता. काका चौकशीला लागले. ‘चल रे,’ मला म्हणाले, ‘स्थळं बघून येऊ.’ माझ्याकडे स्कूटर होती, वेळ होता आणि दुसऱ्यांच्या आजारात रस होता.

पहिलं स्थळ डोंबिवलीतच. दुर्बीण आत घालून विजेच्या तारेने वाढलेला भाग खरवडून काढायचा. बाहेर आल्यावर काका म्हणाले, ‘जुनं घराणं आहे. ओळखीपाळखीत पुष्कळांनी केलंय. रक्त जरा जास्त जातं.’

दुसरं कल्याणला, लेझरवालं. तिथल्या डॉक्टरांनी मोसंबीचं उदाहरण दिलं. साल तशीच ठेवून आतला गर सोडवून घ्यायचा. गाठ कितीही मोठी असो, चालतं, रक्त कमी. ‘शिकलेलं आहे,’ काका म्हणाले. ‘पण आपल्याला झेपेल का बघायला हवं.’

मी म्हटलं, ‘काका, यात बघण्यासारखं काय राहिलं? लेझर करा.’

‘तुला लग्नाच्या वेळीही घाईच होती,’ ते म्हणाले.

मला त्यांची चालढकल कळत नव्हती. लघवीला बसले की नळ सोडून ठेवायचे, पाण्याच्या आवाजाने तरी होईल म्हणून. त्यांच्या नळाचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आणि हा माणूस तिसरं स्थळ बघायला ठाण्याला निघालेला!

ठाण्याचा डॉक्टर तरुण होता. तो वाफेबद्दल सांगू लागला. गाठीत वाफ सोडायची, मग गाठ हळूहळू आक्रसते. फरक पडायला काही आठवडे लागतात, आणि पुढे कधी पुन्हा काही करावं लागू शकतं. काकांनी चष्मा काढला. ‘आणि... संसाराच्या बाबतीत?’

डॉक्टरला लगेच कळलं. तो शांतपणे म्हणाला, ‘तार किंवा लेझर केलं की इच्छा, ताकद सहसा तशीच राहते. पण वीर्य बहुतेकांचं बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. त्याने अपाय काही नाही. वाफेत तो प्रश्न सहसा येत नाही.’

आणि इथे मी तोंड उघडलं. ‘डॉक्टर, ते सोडा हो! काकांना आता या वयात त्याचं काय करायचंय?’ वर मोठ्याने हसलो. एकटाच.

डॉक्टरने रिपोर्ट उचलला. ‘काका, तुमची गाठ वाफेसाठी फार मोठी आहे. मी तुम्हाला लेझरच सांगेन.’

बाहेर पडून आम्ही तलावपाळीला कठड्यावर बसलो. काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. मग म्हणाले, ‘स्थळ आहे.’

‘कोणाचं?’

‘माझं.’

बाई ठाण्यातच राहायच्या. शाळेतून निवृत्त, नवरा गेलेला. भाचीसाठी स्थळ बघायला काकांकडे आलेल्या. भाचीने स्वतःचं स्वतः जमवलं, तरी बाई येत राहिल्या. मी समोर राहून त्यांना जिन्यात दहा वेळा नमस्कार केला होता आणि भाचीचं अजून जमत नाही म्हणून हळहळलोही होतो.

‘त्यांना हे आधी कळायला हवं,’ काका म्हणाले. ‘पण स्वतःचं स्थळ स्वतः सांगायचं नसतं. तू जा.’

‘मी? काय सांगू?’

‘सगळं. मग त्या नाही म्हणाल्या तरी चालेल.’ चालणार नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून मलाही कळलं. म्हणजे बघा.

बाईंनी पोहे केलेले. मी मोसंबीपासून सुरुवात केली. मग साल, गर, मूत्राशय. हातवारे करताना पोह्यांची बशी दोनदा कलंडली. मुद्द्याची गोष्ट जवळ आली की मी पुन्हा मोसंबीकडे वळायचो.

‘अहो,’ बाई म्हणाल्या, ‘मी चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलाय. काय ते एका वाक्यात सांगा.’

मी सांगितलं. खाली बघून सांगितलं.

त्यांनी बशी सरळ केली. ‘मला काय आता पाळणा हलवायचाय?’ मग म्हणाल्या, ‘आमच्या ह्यांचंही हेच होतं. पण लाजायचे. मला नाही, डॉक्टरला नाही, कोणालाच सांगितलं नाही. कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या.’

मी बशी खाली ठेवली.

‘तुमच्या काकांनी निदान माणूस तरी पाठवला,’ त्या म्हणाल्या. ‘जरा बरा पाठवायचा होता. कधी करतायत ऑपरेशन?’

‘तुमच्या उत्तरासाठी थांबलेत.’

‘आणि किडन्या थांबणार आहेत का? आज फोन करून तारीख घ्यायला सांगा. मी येते.’

पुढच्याच आठवड्यात कल्याणला लेझर झालं. दुसऱ्या दिवशी मी शहाळं घेऊन गेलो. काका दाढी वाढलेली, हॉस्पिटलचा निळा झगा, असे पडलेले. कॉटच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. बाई वाकून ती उजेडात बघत होत्या. ‘काल लालसर होतं. आज बरंच निवळलंय,’ त्या काकांना सांगत होत्या. आणि काका, जे घरात नळाच्या आवाजाआड सगळं झाकायचे, ते कोपरावर उठून स्वतः डोकावून बघत होते.

मी म्हटलं, ‘काय काका, कसं काय—’

‘तुम्ही जरा बाहेर थांबता का?’ बाई म्हणाल्या. ‘आमचं बोलायचंय.’

मी काकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कुठून कधी बाहेर काढलं नव्हतं. उलट सगळीकडे सोबत न्यायचे. ते पिशवीकडेच बघत होते. बाईंनी पडदा ओढला.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. आतून बाईंचा खालचा आवाज येत होता, मग काकांचा, मग दोघांचा. शहाळ्याची आठवण कोणालाच राहिली नव्हती. बराच वेळ वाट बघून ते मीच पिऊन टाकलं.