हुकूम कुणाचा

अण्णाच्या पुतण्यानं माइक माझ्या तोंडावर हाणला. लोखंडी माइक. वरचा पुढचा दात अर्धा तुटून जिभेवर आला. त्यो थुकायच्या आतच दुसरा दणका कानशिलात बसला आन म्या खुर्चीसकट खाली पडलो. मग लाथा. बुटाच्या, बरगडीत. तिघं मारत व्हते, चवथा मोबाइलमधी शूटिंग करत व्हता.

"वाच बे," पुतण्या म्हणला. "आवाज तुझा, शब्द आमचे. तुला इचार करायला कुणी बोलावलं?"

ही खोली बीडमधी, अण्णाच्या ऑफिसच्या मागं. अण्णा म्हंजे आमच्या भागातला पार्टीचा पुढारी. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या व्हत्या. माझं वरडणं बी त्या गाद्यांनीच गिळलं.

माझा धंदा भोंग्याचा. रिक्षावर दोन भोंगे बांधायचे आन पाटोद्याच्या बाजारापासून खेड्यापाड्यात फिरायचं. साड्यांचा सेल, कुस्त्या, हरवलेली म्हैस, कुणाची मयत. माझा बाप दवंडी द्यायचा. आमी मांग. हलगी बापाच्या गळ्यात गावानंच आडकवलेली. बाप गावापुढं कधी ताठ उभा राहिला न्हाई, पण हुकूम कुणाचा ते सांगितल्याबिगर त्यानं दवंडी संपवली न्हाई. पाटलाचा, तलाठ्याचा, ज्याचा असंल त्याचा. न्हाई सांगितला तर शिव्या आपल्या नावानं पडत्यात, म्हणायचा.

आवाज मला बापाचा आला. बाजारातले दुकानदार म्हणायचे, लई शुद्ध बोलतोस, आमच्यातलाच वाटतोस. म्या हासायचो. बरं वाटायचं मला. आता त्या हासण्याची बी शिसारी येती.

औंदा जिल्हा परिषदेची आमची जागा खुली सुटली. पार्टी एकच, तिकीट मागणारे दोघं. एक अण्णाचा पुतण्या. दुसरी आमच्या वस्तीतली सुनंदाताई, वकील. खुल्या जागेवर मांगाची बाई म्हणल्यावर अण्णाच्या माणसांना खपंना. तिकीट कुणाला द्यायचं ते पार्टीवाले गावोगावच्या कार्यकर्त्यांना इचारणार व्हते, मग बीडच्या रेस्ट हाऊसवर मुलाखती. म्हणून पुतण्यानं कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर सोडायला क्लिपा काढल्या.

पहिल्या क्लिपला मला कुणी बोट लावलं न्हाई. तेच सांगायला जड जातंय. पुतण्यानं सोताच्या हातानं लिव्हलेला कागद दिला, म्या वाचला. त्यात लिव्हलं व्हतं, "जिच्या आईनं गावाचा उकिरडा उपसला, तिच्या दारात आता आपण अर्ज घेऊन उभं राहायचं का? तिकीट आपल्याच माणसाला." म्या थांबलो न्हाई. उलट 'आपल्याच'वर जोर दिला, कारण जोर कुठं द्यायचा ते मला बरूबर कळतं. शेवटी नाव कुणाचं घेऊ म्हणून इचारलं, तर म्हणला नाव नको. बरं म्हणलो. कागद सवयीनं खिशात घातला, च्या पिलो आन निघालो.

दोन दिवसात क्लिप घरोघरी गेली. माझ्या आवाजावर त्यांनी पारूमावशीचा फोटो लावला व्हता, हातात खराटा. पारूमावशी म्हंजे सुनंदाताईची आई. ग्रामपंचायतीची झाडूवाली व्हती. माझी आई मेल्यावर तिनंच मला खाऊ घातलं. सुनंदाताई आन म्या एका ताटात जेवलोय.

म्या तिच्या घरी गेलो तर म्हातारी दारात बसलेली. कमी ऐकू येतं तिला, म्हणून मोबाइल कानाला चिकटवून धरलेला. दोनदा ऐकलं. मग माझ्या गालावरनं हात फिरवला.

"तुझाच हाय. बापावानी आवाज हाय," ती म्हणली. "पण त्यो हुकूम सांगायचा. ह्यो कुणाचा रे हुकूम?"

तिनं चप्पल हाणली असती तर बरं झालं असतं. सुनंदाताई आत कागदं बघत व्हती. तिनं मान वर केली न्हाई.

पुतण्याचा परत फोन आला तवा म्या ठरवून गेलतो. दुसऱ्या कागदावर घाण व्हती. असल्यांना खुर्ची दिली तर उद्या लेकीबाळी मागतील, असलं. म्या माइकपुढं बसलो आन म्हणलो, "आधी शेवटची ओळ लिव्हा. हुकूम कुणाचा?"

तवा त्यानं माइक हाणला.

म्या खाली पडल्यावर त्यानं मानंवर बूट ठेवला. म्हणला, "तुमची वकील अ‍ॅट्रॉसिटीची केस करील. करू दे. क्लिपमधला आवाज मांगाचाच हाय, मांगावर ती लागत न्हाई." तवा माझं टाळकं उघडलं. बीडमधी आवाजाला काय तोटा हाय? म्या समजत व्हतो, माझा आवाज चांगला म्हणून बोलावलं. त्यांनी माझी जात बोलावली व्हती.

मुलाखतीच्या दिवशी म्या रिक्षा रेस्ट हाऊसच्या फाटकाला लावली. तोंड सुजून भोपळ्यावानी झालं व्हतं. दात तुटल्यामुळं 'स' म्हणलं की शिट्टी निघायची. आत पार्टीचे पुढारी, भाईर दोन्हीकडचे कार्यकर्ते. म्या माइक सुरू केला.

"ऐका हो ऐका. सुनंदाताईच्या आईवर थुकणारी क्लिप माझ्या तोंडची हाय. म्या मांग, पारूमावशीच्या चुलीवर वाढलेला. हुकूम अण्णाच्या पुतण्याचा. कागद माझ्या खिशात हाय."

दुसऱ्यांदा म्हणलो तवा दगडं आली. काच फुटून मांडीत घुसली. एकानं भोंगा उपटला, दोघांनी रिक्षा आडवी पाडली. म्या खालनं रांगत निघालो तर मनगटावर गज बसला. हाड मोडल्याचं मलाच ऐकू आलं. माइक गेलता. तिसऱ्यांदा म्या बिगर माइकाचंच वरडलो, रगत गिळत, पार शेवटपतोर. हुकूम सांगूनच गप बसलो.

सांच्याला तिकीट पुतण्याला मिळालं. दवाखान्यातून मला फटाके ऐकू येत व्हते.

सुनंदाताईनं मला माफ केलं न्हाई. म्या मागितली बी न्हाई. ती तक्रार द्यायला गेली तवा म्या तिच्या मागं चौकीत गेलो, हात गळ्यात बांधून. हवालदार म्हणला, तुला मार लागलाय, तू साक्षीदार हो, कशाला अंगावर घेतोस. म्या खिशातला कागद त्याच्या टेबलावर ठेवला.

"साक्षीदार न्हाई," म्या म्हणलो. "वाचणारा म्हणून माझं नाव आरोपीत घाला. पहिलं माझं घाला. खाली त्याचं."

आता अण्णाची माणसं येत्यात. म्हणत्यात दात बशीवतो, नवी रिक्षा देतो, आवाज माझा न्हाई एवढं म्हण. दात बशीवणार न्हाई. कोर्टात ह्याच तोंडानं बोलणार, शिट्टी वाजली तर वाजू दे. आवाज कुणाचा इचारलं तर माझा म्हणीन. हुकूम कुणाचा इचारलं तर त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, सगळं सांगीन. मला आत टाकायचं तर टाका. पण त्याला संगं घेऊनच जाईन.