गाण्याविना घरसभा

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तो उजव्या बाजूला, आणि हाताबरोबर वाचाही गेली. आमच्या चर्चच्या मंडळीत गाणी सुरू करायचा मान ह्यांचा. पेटीवर ह्यांची बोटं पडली की मागच्या बाकावर डुलक्या घेणारेसुद्धा सरळ बसत. त्या माणसाकडे आता 'हां' एवढाच शब्द उरला होता. चहा हवा असला तरी हां, नको असला तरी हां.

मंडळीतली माणसं चांगली. जेवणाचे डबे आले, दवाखान्याच्या फेऱ्या त्यांनी वाटून घेतल्या. पाळकसाहेब शरणपूर रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांत नेमाने येऊन हळू आवाजात प्रार्थना करून जात. पण गाणं कुणी म्हटलं नाही. ज्याने जन्मभर गाणी सुरू केली त्याच्यासमोर आता गायचं कसं, असं सगळ्यांनी मनोमन ठरवलेलं. मलाही ते पटलं होतं. पेटी चादरीत गुंडाळून मीच कपाटावर टाकली.

रोज संध्याकाळी आमच्याकडे घरची प्रार्थना होते. आधी गाणं, मग बायबलमधलं वचन, मग प्रार्थना, आणि शेवटी एकमेकांचा हात हातात घेऊन 'सलाम'. लग्नापासून हा सलाम कधी चुकला नव्हता. कित्येकदा आमचा अबोला त्यावरच सुटायचा. आता मी एकटीच वचन वाचायची आणि आमेन म्हणून पोळ्या लाटायला उठायची. प्रार्थना कसली, देवाशी भांडणच ते. "कधी सोडणार नाही म्हणाला होतास ना? मग तुझीच गाणी म्हणणाऱ्याचा आवाज कसा रे नेलास?" वर तो गप्प, समोर हे गप्प. देव आमचं दार टाळून पुढे गेला, असंच मला वाटायचं, आणि मी ते त्याला तोंडावर ऐकवायची.

मंडळीची घरसभा पाळीपाळीने एकेकाच्या घरी भरते; द्राक्षांच्या दिवसांत ती पाळी आमच्याकडे आली. पाळकसाहेब फोनवर म्हणाले, "ताई, गाणी नको ठेवूया. वचन आणि प्रार्थना, बस." मी बरं म्हटलं.

माणसं आली, सतरंजीवर दाटीवाटीने बसली. हे खिडकीशी खुर्चीत. शेजारणीबरोबर हरसूलकडची तिची मावशी आली होती; तिला आमच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. वचन झालं, पाळकसाहेबांनी डोळे मिटले, तोच मावशी मोठ्याने म्हणाली, "आन् गाणं? गाणं नाय म्हणायचं? मंग कसली सभा ही?" शेजारणीने तिला चिमटा काढला, पण मावशीने टाळ्या वाजवत सुरुवातही केली होती. आवाज फाटका, ताल मात्र पक्का. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला थांबवायलाच मी उठले.

आणि खिडकीपाशी दुसरा आवाज लागला.

ह्यांचा. 'हां' नव्हे, शब्द. आधी घोगरे, मग स्वच्छ, ओळीमागून ओळ. डावा हात मांडीवर ताल धरत होता. दुसऱ्या कडव्याला मावशी अडखळली. हे अडखळले नाहीत. ह्यांनी तिला पुढची ओळ दिली, जन्मभर सगळ्यांना देत आले तशी. खोलीत बाकी कुणी गाईना. मी होते तिथेच खाली बसले. खरं सांगते, मला भीती वाटली. एवढं मोठं कुणीतरी आपल्या दोन खोल्यांत आलंय आणि आपण साधं 'या' म्हटलं नाही, तशी.

गाणं संपलं आणि शब्दही संपले. पाणी हवं का विचारलं, तर हां.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, की बोलणं मेंदूत एकीकडे असतं आणि गाणं बरंचसं दुसरीकडे. होतं असं कधीकधी. ते ऐकून माझं आश्चर्य कमी झालं नाही, वाढलंच. झटका यायच्या कितीतरी आधी, हे आईच्या पोटात असतानाच, कुणीतरी गाण्यासाठी वेगळी जागा करून ठेवली होती. आणि मी म्हणत होते, त्याने सगळं नेलं. ते आत शाबूत होतं. दार आम्ही लावलं होतं, तेही मायेपोटी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटी खाली काढली. मला वाजवता येत नाही. नुसता भाता हलवत एक पट्टी दाबून धरली. ह्यांनी गाणं उचललं. मी वचन वाचलं. प्रार्थनेला तोंड उघडलं, तर इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तक्रार सुचेना. काहीच सुचेना. आमेनसुद्धा राहिलं. मग ह्यांनी डावा हात पुढे केला. तो धरून मी म्हटलं, "सलाम."

"हां," हे म्हणाले.